कोकणात डीसीटी : गाडीचा दोष किती, चालवणाऱ्याचा किती?

खाडीपलीकडचा
गणपतीत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो दरवर्षी येतोच. मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या रांगेत उभी गाडी आणि समोर पडद्यावर इशारा, गिअरबॉक्स गरम झालाय. खाली शेरा, 'डीसीटी भंगार, कोकणात घेऊ नका.' डीसीटी म्हणजे ड्युअल क्लच, दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. माझं मत उलट आहे. डीसीटी कोकणात व्यवस्थित चालते, पण तिच्या पोटात काय आहे ते माहीत असलं पाहिजे.

पोटात मॅन्युअलच आहे. क्लच मात्र दोन, आणि एकात एक बसवलेले दोन शाफ्ट. गिअर १, ३, ५, ७ एकावर, २, ४, ६ दुसऱ्यावर. तुम्ही तिसऱ्यात पळताय तोवर चौथा आधीच पाडून ठेवलेला असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो, गाडीची ओढ तुटत नाही. २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर३२ मध्ये हा प्रकार आणला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे.

दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं. रांगेत कितीही सरपटा, घुसळतं ते तेल. डीसीटीत सरपटताना घासते क्लचप्लेट. तुम्ही ब्रेक अर्धवट सोडून इंच इंच पुढे जाता तेव्हा कॉम्प्युटर तुमच्या वतीने हाफ क्लच मारत बसलेला असतो. मॅन्युअलवाला तासभर हाफ क्लचवर राहिला तर वास येतो, मग इथे का नाही येणार?

म्हणून पुढे चार फूट फट दिसली की लगेच सोडू नका. जागा होऊ द्या, मग सरळ सोडा, क्लच पूर्ण धरू द्या. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबा. पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारा ऑटो होल्ड असेल तर तो कशासाठी दिलाय?

घाटवळण
जागा होऊ द्या म्हणे! गणपतीच्या आदल्या रात्री इंदापूर-माणगाव केलंय का कधी? जागा सोडली की डावीकडच्या मातीतून एक जण घुसतो, उजवीकडून दुसरा, आणि मागचा हॉर्नवरचा हात काढत नाही.

लाख-सव्वा लाख जास्त मोजले ते डाव्या पायाला आराम मिळावा म्हणून. पायाचं काम वाचलं आणि डोक्याला लागलं, तर मी काय कमावलं? गिऱ्हाइकाने क्लचचं शास्त्र शिकून यावं ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि पर्याय नाही असंही नाही. क्रेटा टर्बो पेट्रोलला डीसीटी, पण डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर. स्कोडा कुशाकचं १.५ लिटरचं इंजिन डीएसजीवर (फोक्सवॅगन-स्कोडावाले डीसीटीला डीएसजी म्हणतात), १ लिटरला टॉर्क कन्व्हर्टर दिला. त्याच शोरूममध्ये दोन पावलं पलीकडे उभी असते ती गाडी.

पानापक्कड
दोघांनीही ओला-कोरडा (क्लच तेलात की हवेत) हा भेदच केला नाही. गॅरेजमध्ये बसतो म्हणून सांगतो. कुशाक, स्लाव्हिया, व्हर्टस यांच्या १.५ लिटरमधला डीएसजी कोरड्या क्लचचा. त्याची टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ, पेलायची मर्यादा २५० न्यूटन मीटर आणि ते इंजिन बरोबर तेवढाच टॉर्क देतं. ह्युंदाई-कियाचा सात गिअरचाही कोरडा. कोरडा हलका असतो, तेल घुसळण्यात ताकद जात नाही म्हणून ॲव्हरेज बरं पडतं, पण उष्णता बाहेर टाकायला हवेशिवाय काही नाही. टाटाने २०२२ मध्ये अल्ट्रोझला दिला तो ओला, क्लच तेलात. स्कोडा कोडियाकचाही ओला. ओला रांगेत जास्त दम धरतो. मात्र त्याचं तेल वेळेवर बदलावं लागतं, आणि गिऱ्हाईक नेमकं तिथेच पैसे वाचवतं.

कुणकेश्वरकर
आमच्या वाडीत जावक रस्तो बघितलास? जांभ्याची घाटी आणि वर शेवाळ. थय तुझो कॉम्प्युटर काय करतलो? मॅन्युअल घी आणि गप ऱ्हव.

जेटीवरून
रांगेचं सोडा, खरी परीक्षा फेरीबोटीवर. दाभोळ-धोपावे घ्या, नाहीतर जयगड-तवसाळ. ओहोटीला उतार आणखी उभा होतो, वर ओलं लोखंड, आणि बोटीवरचा पोरगा हाताने बोलावतोय, 'येऊ दे, येऊ दे, बस!' बाजूच्या गाडीच्या आरशात आणि आपल्यात चार बोटं. ते सगळं बहुतेक वेळा रिव्हर्समध्ये. टॉर्क कन्व्हर्टर तिथे मुंगीच्या पावलाने जातो. डीसीटी आधी हलत नाही आणि मग एकदम उडी घेते. इथे 'क्लच पूर्ण धरू द्या' हा सल्ला पाळला तर गाडी खाडीत.

तरी मी डीसीटीच चालवतो. अशा वेळी पाय ब्रेकवर ठेवून हळूहळू सोडतो, ॲक्सिलरेटरला हात लावत नाही. मिनिटभराच्या घासण्याने क्लच जळत नाही, तासभराच्या घासण्याने जळतो.

घाटवळण
आंबा घाटात एसटीमागे अडकून बघा एकदा. मोकळं वळण मिळालं, पाय दाबला, आणि गाडी विचारात पडली. समोरून ट्रक येतोय आणि हिचा विचार चालूच. हाही माझाच दोष?

खाडीपलीकडचा
दोष तुमचा नाही, पण कारण साधं आहे. तुम्ही तिसऱ्यात वेग घेत होता म्हणून तिने चौथा पाडून ठेवला. तुम्ही अचानक दाबलंत तेव्हा तिला हवा होता दुसरा. चौथा आणि दुसरा एकाच शाफ्टवर. आधी चौथा काढायचा, मग दुसरा टाकायचा, तेवढा वेळ जातो. एसटीच्या मागे असतानाच स्टिअरिंगमागच्या पॅडलने किंवा दांड्याने दुसरा घेऊन ठेवा, मग बघा कशी उठते. उतरतानाही तेच, आंबोलीला किंवा कुंभार्लीला मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरून उतरा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजून आहेत. इंजिनाचा ब्रेकही गेला आणि पेट्रोलही वाचत नाही, कारण गिअरमध्ये पाय उचलला की इंजिन पेट्रोल घेतच नाही.

नवीनच_घेतली
मग सिग्नलला दर वेळी न्यूट्रल करायचं का? शोरूमवाल्याने तसंच सांगितलंय.

पानापक्कड
गरज नाही. गाडी उभी आणि ब्रेक नीट दाबलेला असेल तर क्लच सुटलेलाच असतो. घोळ अर्ध्या दाबलेल्या ब्रेकचा. गाडी थांबलेली दिसते, आत क्लच ढकलत असतो. रांग पाच मिनिटं हलणार नाही असं दिसलं तर पार्किंगला (पी) टाका. आणि चढावर लावताना आधी ब्रेक, मग न्यूट्रल, हँडब्रेक ओढा, ब्रेक सोडून गाडी त्यावर बसू द्या, शेवटी पी. उलट केलंत तर गाडीचं सगळं वजन पी च्या एका छोट्या दातावर येतं. सकाळी काढताना 'कट्' आवाज येतो तो तोच.

घाटवळण
एवढी पोथी पाठ करण्यापेक्षा टॉर्क कन्व्हर्टर बरा, हेच मी सांगत होतो. आणि बंद पडली तर? मॅन्युअल दोर लावून ओढत न्यायचो. हिची पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही, सपाट ट्रकच लागतो. तो रात्री अकराला भुईबावडा घाटात कुठून येणार?

खाडीपलीकडचा
तुमचा टॉर्क कन्व्हर्टरही तसा लांब ओढता येत नाही. त्यालाही सपाट ट्रकच लागतो.

घाटवळण
ते मान्य. पण त्याला ओढायची वेळ कमी येते.

केळशीची_लेक
माझं साधं विचारणं. राहते पुण्यात, वर्षातून काही वेळा आईकडे. रस्त्यापासून अंगणापर्यंत सिमेंटचा उभा चढ, मध्ये वळण, गेटपाशी थांबावंच लागतं. काय घेऊ?

पानापक्कड
ओला क्लच किंवा टॉर्क कन्व्हर्टर, ताई. कोरडा नको.

खाडीपलीकडचा
वर्षातून काही वेळच्या चढासाठी गाडी कशाला बदलता? गेट आधी कुणाला तरी उघडून ठेवायला सांगा.

घाटवळण
आई सत्तरीची असेल हो, तिला गेटवर उभी करणार? ताई, टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाल्याचा सपाट रस्ता घेऊ नका. असाच एखादा चढ शोधा, मध्ये थांबा, दोनदा रिव्हर्स घ्या. मग यांचं ऐकायचं की माझं ते ठरवा.