'डॉक्टर'नंतर 'नर्स' पटकन का ओळखू येतो?

'डॉक्टर' वाचल्यावर 'नर्स' लवकर ओळखला जातो, कारण माणूस पुढचा शब्द आधीच ताडून बसतो, हे म्हणणं अर्धंच खरं आहे. दोन शब्दांत वेळ किती जातो त्यावर सगळं ठरतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स नीली यांनी 1977 मध्ये ताडणं आणि आपोआप ओळखणं छान वेगळं करून दाखवलं. त्यांच्या प्रयोगात एकामागून एक दोन शब्द दाखवले जात आणि दुसरा खरा शब्द आहे की बनवलेला खोटा, ते झटपट सांगायचं असे. 'शरीर' शब्द आला की पुढे इमारतीचा भाग येणार, असं लोकांना आधीच सांगून ठेवलं. पाऊण सेकंदाच्या आसपास किंवा जास्त अंतर ठेवलं, तर 'दार'सारखे शब्द लवकर ओळखले गेले आणि 'हृदय'सारखे रेंगाळले. पण अंतर 250 मिलिसेकंद केलं, की सूचना असूनही फायदा 'हृदय'लाच! ताडायला सवडच नव्हती. अर्थाचा धागा आपोआप ओढला गेला.

हा प्रयोग मराठीत करून पाहणार असाल, तर ताडायला सवड मिळू नये म्हणून अंतर 250 मिलिसेकंदांच्या वर नेऊ नका. खोटे शब्द उच्चारता येतील असे हवेत, म्हणजे 'खिडकी'चं 'खिडपी'. 'ट्ख्ण' असलं काही दिलंत, तर लोक अर्थापर्यंत न जाता नुसत्या अक्षरांवरून निकाल देतात आणि परिणाम फिका पडतो. आणि 'मीठ-भाकर' व 'मीठ-साखर' एका यादीत कोंबू नका. पहिली जोडी बोलण्यात सोबत येते म्हणून जुळते, दुसरी एकाच जातीचे पदार्थ म्हणून (जोडाक्षरं आणि शब्दांची लांबीही दोन्हीकडे सारखी ठेवा, नाहीतर वाचायलाच जास्त वेळ लागतो).