थंडरबर्डमध्ये पासवर्ड न साठवता सुरक्षित जोडणी कशी करायची?

पत्रपेटी
थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये दोन खाती लावायची आहेत. एक जीमेलचं, दुसरं स्वतःच्या सर्व्हरवरचं (मेल वाचायला देणारा डव्हकॉट आणि पाठवणारा पोस्टफिक्स, दोन्हींची सेटिंग्ज बदलता येतात). पासवर्ड कुठेच साठवलेला नको.

जीमेलला सर्व्हर सेटिंग्जमध्ये ऑथेंटिकेशन 'ओऑथ२' (पासवर्डऐवजी गूगलच्या पानावर लॉगिन करून दिलेली परवानगी) केलं. मेल येते, पण पाठवताना पासवर्डची खिडकी उघडते आणि खात्याचा बरोबर पासवर्ड दिला तरी नाकारला जातो. इथे १६ अक्षरी ॲप पासवर्डच (गूगल ॲपसाठी देतं तो वेगळा पासवर्ड) घ्यावा लागतो का? स्वतःच्या सर्व्हरला तर यादीत ओऑथ२ कामालाच येत नाही. तिथे काय करायचं?

कळफलक
ॲप पासवर्डची गरज नाही. मेल येणं आणि जाणं या थंडरबर्डच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही बदललंत ते फक्त येणाऱ्या मेलचं. जाणाऱ्या मेलचा सर्व्हर अकाउंट सेटिंग्जच्या डाव्या यादीत अगदी तळाशी, 'आउटगोइंग सर्व्हर' या नावाने असतो. तिथे जीमेलची ओळ निवडून 'एडिट' करा. पोर्ट ४६५, कनेक्शन सिक्युरिटी 'एसएसएल/टीएलएस' (जोडणी कूटबद्ध करणारी पद्धत), ऑथेंटिकेशन 'ओऑथ२', आणि युजरनेममध्ये पूर्ण मेलपत्ता. येणाऱ्या बाजूला पोर्ट ९९३, बाकी तसंच.

५८७ आणि स्टार्टटीएलएस हेही चालतं. पण त्यात जोडणी आधी उघडी होते आणि मग कूटबद्ध होते. आरएफसी ८३१४ या इंटरनेट मानकाने (२०१८) पहिल्या बाइटपासून टीएलएस असलेल्या पोर्टनाच पसंती दिली आहे. निवड हातात असेल तर ४६५ घ्या.

खात्याचा नेहमीचा पासवर्ड नाकारला जाणारच. वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने तो मार्ग ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतला.

एवढं करूनही अडलं, तर दोन ठिकाणी बघा. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, 'सेव्ह्ड पासवर्ड्स' उघडा. तिथे जीमेलच्या एसएमटीपी (मेल पाठवणाऱ्या) सर्व्हरच्या नावाने जुनी नोंद पडून असेल तर ती काढून थंडरबर्ड बंद करून परत चालू करा. दुसरं म्हणजे त्याच पानावर कुकीज स्वीकारण्याची टिक हवी. ती काढलेली असेल तर गूगलची लॉगिन खिडकी उघडते, पासवर्ड घेते आणि पुढे सरकतच नाही. दोष जोडणीत आहे असं वाटून माणूस पोर्ट बदलत बसतो.

तारयंत्र
स्वतःच्या सर्व्हरबद्दल. थंडरबर्डला ओऑथ२ कुठे न्यायचं ते सर्व्हरच्या नावावरून कळतं, आणि ओळखीच्या पुरवठादारांची यादी त्यात आधीच भरलेली असते. तुमच्या सर्व्हरचं नाव त्यात नाही. ओऑथ२ साठी स्वतःचा ओळख-सर्व्हर उभा करणं आणि तो थंडरबर्डच्या गळी उतरवणं हा एक-दोन खात्यांसाठी नसता व्याप आहे. तुम्हाला हवं ते ऑथेंटिकेशनच्या त्याच यादीत आहे: 'टीएलएस सर्टिफिकेट'. ('एन्क्रिप्टेड पासवर्ड' या नावाला भुलू नका, त्यातही पासवर्ड लागतोच.)

स्वतःची छोटी सीए (सर्टिफिकेटं देणारी यंत्रणा) करा आणि प्रत्येक यंत्रासाठी वेगळं क्लायंट सर्टिफिकेट काढा. यंत्र हरवलं की तेवढंच एक रद्द करता येतं. कॉमन नेममध्ये माणसाचं नाव नाही, तर डव्हकॉटचं युजरनेम जसंच्या तसं लिहा. डव्हकॉट मुळात तेच क्षेत्र वाचतो. एक्स्टेंडेड की युसेजमध्ये (सर्टिफिकेट कशासाठी आहे त्या क्षेत्रात) 'क्लायंट ऑथ' पाहिजे. मग किल्ली आणि सर्टिफिकेट पी१२ फाइलमध्ये बांधा, आणि थंडरबर्डच्या 'मॅनेज सर्टिफिकेट्स'मधल्या 'युवर सर्टिफिकेट्स' टॅबमधून आयात करा. आयात झाल्यावर पी१२ फाइल डाउनलोड्समध्ये सोडू नका.

डव्हकॉटला चार गोष्टी सांगायच्या: क्लायंट सर्टिफिकेट माग, त्याशिवाय आत घेऊ नको, युजरनेम त्यातूनच घे, आणि ऑथेंटिकेशनच्या पद्धतींत 'एक्स्टर्नल' (ओळख सर्टिफिकेटवरून) धर. पासवर्ड नसल्यामुळे पासडीबीमध्ये (पासवर्ड तपासायच्या सेटिंगमध्ये) 'नोपासवर्ड' नोंद करावी लागते. इथे सांभाळा. त्या नोंदीला फक्त 'एक्स्टर्नल' पद्धतीचं बंधन घाला. बंधन नसेल, 'प्लेन' (साध्या पासवर्डची पद्धत) चालू असेल आणि पुढे कधी कोणी सर्टिफिकेटची सक्ती काढली, तर कुणाच्याही नावाने कोणताही पासवर्ड चालून जाईल.

सीएच्या फाइलमध्ये सर्टिफिकेटबरोबर सीआरएल, म्हणजे रद्द झालेल्यांची यादीही जोडा. डव्हकॉट ती मुळातच मागतो आणि नसेल तर धडधाकट सर्टिफिकेटसुद्धा नाकारतो. या यादीलाही मुदत असते. ओपनएसएसएलच्या नमुना फाइलमध्ये ती ३० दिवसांची आहे. ३१व्या दिवशी सगळ्यांचं लॉगिन एकाच वेळी बंद पडलं तर सर्टिफिकेटं तपासत बसू नका, आधी यादीची तारीख बघा. ती आपोआप नवी करणारा क्रॉन (ठरल्या वेळी चालणारं काम) पहिल्याच दिवशी लावलेला बरा.

पत्रपेटी
जीमेल सुटलं, जाणाऱ्या सर्व्हरचंच होतं. पोस्टफिक्ससाठीही हेच 'एक्स्टर्नल' वापरायचं का? आणि ओऑथ२ मध्ये पासवर्ड साठवत नाही म्हणतात, मग 'सेव्ह्ड पासवर्ड्स'मध्ये ओऑथ नावाने एक ओळ कशी दिसते?

तारयंत्र
पोस्टफिक्सला सॅसल (लॉगिनची वेगळी पायरी) वगळूनच करा, सोपं पडतं. सबमिशनच्या सर्व्हिसवर (तुमची जाणारी मेल घेणारी, पोर्ट ४६५ किंवा ५८७) क्लायंट सर्टिफिकेट मागायला लावा. पोर्ट २५ वर नको, तिथे अनोळखी सर्व्हर येतात. सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट (त्यावरून काढलेला हॅश, म्हणजे ओळखीचा आकडा) एका टेबलात लिहा, आणि त्या टेबलातल्यांना मेल पुढे पाठवू (रिले) देणारा नियम नकार देणाऱ्या नियमाच्या आधी ठेवा. थंडरबर्डमध्ये त्या आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन 'नाही' निवडायचं. विचित्र दिसतं खरं, पण ओळख टीएलएसच्या हस्तांदोलनातच पटलेली असते.

फिंगरप्रिंट जुळत नसेल तर बहुतेक वेळा हॅशचा घोळ असतो. पोस्टफिक्सची कॉम्पॅटिबिलिटी लेव्हल ३.६ च्या खाली असेल तर तो मुळात एमडी५ धरतो, आणि तुम्ही शा-२५६ लिहिलेला असतो. हॅश कोणता ते सेटिंगमध्ये स्पष्ट लिहून टाका.

आणि सर्टिफिकेट रद्द करताना या टेबलातूनही ओळ काढा. डव्हकॉटची यादी पोस्टफिक्सचं हे टेबल बघत नाही.

खिट्टी
ती ओळ म्हणजे रिफ्रेश टोकन. गूगलच्या पानावर तुम्ही एकदा लॉगिन केलं की थंडरबर्डला ते मिळतं. ते दाखवून तो साधारण तासाभराचं ॲक्सेस टोकन घेतो आणि मेल सर्व्हरला तेवढंच देतो. खात्याचा पासवर्ड साठत नाही हे खरं, पण गुपित तर साठतंच. तेही लहानसहान नाही. परवानगीच्या पानावर मेल वाचणं, लिहिणं, पाठवणं आणि कायमचं पुसणं असं सगळं असतं. आयमॅपसाठी (मेल आणण्याच्या पद्धतीसाठी) त्याहून कमी परवानगी गूगल देत नाही.

टोकन प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये लॉगिन्स.जेसन या फाइलमध्ये असतं, आणि ते उघडायची किल्ली शेजारीच, की४.डीबीमध्ये. 'प्रायमरी पासवर्ड' लावला नसेल तर या दोन फाइली कॉपी करणाऱ्याच्या हाती तुमची टपालपेटी गेली. तेव्हा प्रायमरी पासवर्ड लावाच. तो तुमच्या यंत्रातच राहतो, सर्व्हरकडे जात नाही. सर्टिफिकेटची खासगी किल्लीही त्याच की४.डीबीमध्ये असते, म्हणजे दोन्ही खात्यांना हे लागू. प्रोफाइलचा बॅकअप घेत असाल तर तोही कूटबद्ध हवा.

टोकन मारायचं असेल तर ओळ पुसून भागत नाही, कॉपी कुठे असेल तर ती चालूच राहते. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात बाहेरच्या ॲपच्या जोडण्यांची यादी आहे, तिथून थंडरबर्डची परवानगी काढा. खात्याचा पासवर्ड बदलला तरी जीमेलची परवानगी असलेली टोकनं रद्द होतात. अशा वेळी थंडरबर्डने परत लॉगिन मागितलं तर घाबरू नका. सहा महिने न वापरलेलं टोकनही मरतं.

डबलक्लिक
मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या खात्याला हेच सगळं?

कळफलक
जवळपास. येणारी मेल ९९३ एसएसएल/टीएलएस, पण जाणाऱ्या बाजूला ४६५ चालत नाही, ५८७ आणि स्टार्टटीएलएसच द्यावं लागतं. दोन्हीकडे ओऑथ२. लॉगिननंतर 'ॲडमिनची मंजुरी हवी' असं पान आलं तर तुमच्या हातात काही नाही, संस्थेच्या ॲडमिनने थंडरबर्डला परवानगी द्यायला हवी. मेल येते पण पाठवताना ५३५ ५.७.१३९ दिसतं आणि संदेशात क्लायंट ऑथेंटिकेशन बंद असल्याचं लिहिलेलं असतं, तेव्हा एसएमटीपी ऑथच बंद केलेलं आहे. तुमच्या एका मेलबॉक्सपुरतं ते चालू करता येतं, सगळ्या संस्थेसाठी उघडायची गरज नाही. ॲडमिनला नेमकं हेच सांगा.