मुंबई ते न्यूयॉर्क : थेट विमान घ्यावे की लंडनला थांबावे?

नमस्कार.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी ७६ वर्षांच्या आईला घेऊन मुंबईहून न्यूयॉर्कला, बहिणीकडे जाणार आहे. आईचा हा पहिलाच विमानप्रवास असून तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिकिटे काढण्यापूर्वी अंतराचा आणि वेळेचा हिशेब मांडून पाहिला. तो कुठे चुकत असेल तर कृपया सांगावे.

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला, तर या दोन शहरांमधले अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर १४ तास पुरायला हवेत; पण थेट विमानाला जाताना साधारण १६ तास लागतात आणि येताना दीड-दोन तास कमी. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, ते जाताना समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात, हे त्याचे मुख्य कारण. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केल्यापासून त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो.

मला आश्चर्य वाटले ते लंडनच्या मार्गाचे. मुंबई ते लंडन ७,२०० आणि तिथून न्यूयॉर्क ५,५५० किलोमीटर, म्हणजे थांबा घेऊनही अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटरनेच वाढते. मधला वेळ धरून प्रवास २१ तासांवर जातो खरा, पण बसणे दोन भागांत विभागले जाते आणि आईला मध्ये पाय मोकळे करता येतात. दुबईमार्गे तो फायदा नाही. पहिला टप्पा तीन तासांचा आणि दुसरा पुन्हा १४ तासांचा.

खरी अडचण औषधांची आहे. आई रक्तदाबाची गोळी सकाळी सात आणि रात्री आठ वाजता घेते. पहाटे सव्वा एकला निघालेले थेट विमान १६ तासांनी उतरेल, तेव्हा तिथे त्याच दिवशीचे सकाळचे पावणेआठ झालेले असतील. सोम ते रवि अशी झाकणे असलेली गोळ्यांची डबी पुढ्यात घेऊन तिने मला विचारले, "मग रात्रीची गोळी मी तिकडे सकाळी साडेदहाला घ्यायची, की अंधार पडेपर्यंत थांबायचं?" तिथल्या रात्री आठपर्यंत थांबले, तर दोन गोळ्यांमध्ये साडेबावीस तास जातात. डॉक्टरांना मी विचारणारच आहे. तरीही ज्यांनी वयस्कर आईवडिलांना या मार्गाने नेले आहे, त्यांनी पहिल्या दोन दिवसांत गोळ्यांच्या वेळा कशा सरकवल्या, हे जरूर लिहावे.

लंडनला चाकाच्या खुर्चीची सोय आधी सांगून ठेवल्यास दुसऱ्या विमानापर्यंत पोहोचायला साधारण किती वेळ हाती ठेवावा, हेही कळवावे. तिकिटे मला येत्या रविवारपर्यंत काढायची आहेत.