कुम-बू : मुलामा, वर्ख की मढवणं?

रानजाई : कोरियातल्या आजच्या धातुकलेवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'कुम-बू'पाशी गाडी अडलीय. चांदीचा तुकडा शेगडीवर तापवायचा, शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा हव्या त्या आकारात कापून त्यावर ठेवायचा आणि अकीकाच्या घोटणीने दाबायचा. सांधायला डाक नाही, गोंद नाही. ३०० अंशांच्या पुढेमागे, म्हणजे वितळायच्या कितीतरी आधीच, दोन्ही धातू एकमेकांना धरतात. चांदीत तांबं असेल तर आधी ती पुन्हापुन्हा तापवून आम्लात टाकतात, म्हणजे वर निव्वळ चांदीचा थर येतो. कुम म्हणजे सोनं, बू म्हणजे जोडणं. मी 'मुलामा' लिहिलं, संपादकबाईंनी खोडलं. काय लिहू?

भोचक भवानी : बाईंचं बरोबर आहे. मुलामा म्हटलं की आत पितळ आहे हे ऐकणारा गृहीतच धरतो. 'वर्ख' लिही.

कासारवाडा : वर्ख काजूकतलीवर. फुंकर मारली की उडतो, हा पत्रा उडत नाही. आमच्याकडे देव्हारा चांदीने मढवतात, तसं 'मढवणं' घ्या.

रानजाई : दादा, मढवलं की सगळं झाकलं जातं. इथे करड्या चांदीवर सोन्याचा एखादाच तुकडा असतो. कुठे ठेवायचा, किती ठेवायचा, तीच तर त्या कलाकाराची सही.

सव्यसाची : 'सुवर्णसंयोजन'. संस्कृत असताना फारसीकडे हात कशाला पसरायचे?

भोचक भवानी : काका, हे हाडवैद्याच्या पाटीवर शोभेल.

दगडफूल : थोडं अवांतर. लेखात इप्सा (धातूवर चांदी जडवायचं कोरियन काम) आलं असेल तर त्याला 'बिदरी' लिहू नका, हल्ली सर्रास लिहितात. बिदरीत जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर खोबणी कोरून चांदी बसवतात आणि बिदरच्या किल्ल्यातली माती लावून धातूची जमीन काळी करतात. कोरियात खोबणीचं कामही जुनं आहे, पण जोसन राजवटीच्या काळात रुळलं ते वेगळं : लोखंडावर छिन्नीने बारीक आडव्याउभ्या रेघा मारून पृष्ठभाग खरबरीत करायचा आणि चांदीची तार त्यावर ठोकायची. ही आपल्याकडच्या कोफ्तगरीची सख्खी बहीण.

रानजाई : इप्सा तसंच ठेवलंय. मग 'दागिना' चालेल का, तेही सांगा. सुल्गी क्वॉन सिलिकोनचे ब्रोच करते, आत रंग, दोरे, पिसं. योंग जू किमने चक्क वेल्क्रोचे हार केलेत. त्यांना दागिने म्हणायचं?

कासारवाडा : मोडीत काय येईल? काही नाही. म्हणजे दागिना नाही. ती सगळी नुसती घडणावळ!

भोचक भवानी : अहो, हीच तर व्याख्या झाली! वजन शून्य, घडणावळ शंभर टक्के. माझ्या आजीची काचेच्या मण्यांची पोत होती. मोड शून्य, पण लग्नात ती तीच घालायची, तोळ्याची माळ डब्यात. तिला कोणी सांगून बघायचं होतं की हा दागिना नव्हे म्हणून.

सव्यसाची : 'अलंकार' म्हणा. अलम् म्हणजे पुरेसं. 'दागिना' दागावरून आलाय, सोनाराचा शिक्का म्हणजे दाग.

दगडफूल : काका, ही व्युत्पत्ती कुठल्या कोशातली? 'डागडागिने' म्हणतो त्यातला डाग आणि शिक्क्याचा दाग एकच, हे आधी दाखवा.

कासारवाडा : डाग म्हणजे जोड. आमच्याकडे सोनार म्हणतो, 'डाग जास्त लागला, कस उतरला.'

भोचक भवानी : तो डाक हो! रानजाईने वर बरोबर लिहिलंय.

कासारवाडा : वहिनी, चार पिढ्या आमच्या घरात भट्टी आहे. डागच.

रानजाई : मंडळी, कुम-बू?

सव्यसाची : डाक हेच शुद्ध. डाग कपड्याला.