बेडकाच्या पोटातल्या अवयवांची संवेदना: व्हेगस की स्प्लँक्निक?

टॅडपोल_१०:
व्हायव्हात विचारलं की बेडकाच्या आतड्यातून संवेदना वर कशी जाते, मी छातीठोकपणे व्हेगस (मेंदूतून निघून हृदय, फुप्फुसं, जठराकडे जाणारी नर्व्ह) म्हणालो तर सर नुसतं "हं" करून पुढच्याकडे वळले. आता वाचतोय तर स्प्लँक्निकचं (आतड्याकडे जाणारी नर्व्ह) नाव येतंय, पण ती तर सिम्पथेटिक (अवयवांचं आपोआप चालणारं काम सांभाळणाऱ्या यंत्रणेतली), म्हणजे मोटर (हुकूम खाली नेणारी) ना? डोकं चालेनासं झालंय.

मज्जारज्जू:
अर्धं बरोबर होतं तुझं. व्हेगसमध्ये सेन्सरी (संवेदना वर नेणारे) तंतू आहेतच, जठराकडून, हृदय-फुप्फुसांकडून येणारे, त्यांच्या पेशी कवटीलगतच्या जुग्युलर गँग्लिऑनमध्ये (गँग्लिऑन म्हणजे चेतापेशींची गाठ) असतात आणि पुढे ते मेड्युलात (मेंदूचा मज्जारज्जूला जोडलेला मागचा भाग) शिरतात. पण आतडं आणि आंत्रबंधाकडचे (आंत्रबंध म्हणजे आतड्याला धरून ठेवणारा पडदा) तंतू स्प्लँक्निकमधून कण्यालगतच्या सिम्पथेटिक साखळीपर्यंत येतात, तिथे सायनॅप्स (दुसऱ्या चेतापेशीशी जोडणी) वगैरे काही न करता सरळ रॅमस कम्युनिकन्समधून (साखळी आणि स्पायनल नर्व्ह यांना जोडणारा धागा) स्पायनल नर्व्हमध्ये (मज्जारज्जूतून निघणारी नर्व्ह) घुसतात आणि डॉर्सल रूटने (तिचं पाठीकडचं मूळ) मज्जारज्जूत. म्हणजे सिम्पथेटिक हा त्यांचा नुसता जायचा रस्ता, त्यांच्या पेशी डॉर्सल रूट गँग्लिऑनमध्येच.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर:
यावर जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ गोल्ट्झचा प्रयोग वाच, १८६० च्या दशकातला. बेडकाच्या पोटावर भराभर टिचक्या मारल्या की हृदय मंदावतं, चक्क थांबतं सुद्धा, आणि जरा वेळाने आपलं आपण परत सुरू. दोन्ही व्हेगस कापल्या की हे होत नाही, मेड्युला नष्ट केला तरी नाही. इथेच पोरं फसतात, त्यांना वाटतं म्हणजे सगळं व्हेगसच करते. अरे व्हेगस इथे हुकूम खाली नेतेय! बातमी वर गेली ती स्प्लँक्निकने. आंत्रबंधातली नर्व्ह कापून तिच्या मज्जारज्जूकडच्या टोकाला करंट दिला तरी हृदय मंदावतं, यापेक्षा स्वच्छ पुरावा काय हवा.

मज्जारज्जू:
+१. आणि मूत्राशयाचं विसरू नका, त्याचे तंतू मागच्या स्पायनल नर्व्हमधून जातात, व्हेगसचा तिथे संबंध नाही.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर:
हो, आणि डिसेक्शनमध्ये कण्याच्या दोन्ही बाजूंना खडूसारख्या पांढऱ्याशुभ्र गाठी दिसतात ना, ते गँग्लिऑन नव्हे. त्या कॅल्शियम कार्बोनेटच्या पिशव्या, आतल्या कानापासून निघून कण्यातून खालपर्यंत आलेल्या. गँग्लिऑन त्यांच्याखाली दडलेलं असतं, पिशवी हळूच बाजूला केली की दिसतं.

टॅडपोल_१०:
मेलो 😅 जर्नलमध्ये त्या पांढऱ्या गाठींनाच बाण काढून डॉर्सल रूट गँग्लिऑन लिहिलंय मी, आणि त्यावर बरोबरची खूणही मिळालीये