दिवाळीची भेटकार्डं घरी करायची आहेत, ५०० रुपयांत काय काय आणू?

नाशिकची_आई

नमस्कार मंडळी. यंदा दिवाळीला नातेवाइकांना हाताने केलेली भेटकार्डं पाठवायची, असं मी आणि माझ्या सातवीतल्या लेकीने ठरवलंय. साधारण २५ करायची आहेत. ऑनलाइन बघायला गेले तर पंच, डाय, एम्बॉसिंगची यंत्रं, म्हणजे कागदातून आकार कापायची आणि नक्षी उठवायची साधनं... खरंच एवढं सगळं लागतं का? बजेट पाकिटांसकट ५०० रुपये. घरात कात्री, पट्टी, फेविकॉल आणि लेकीचे पोस्टर कलर आहेत. जाड कार्डशीट दुमडून पाहिलं तर घडीवर तडकतंय, आणि फेविकॉलने कागद चिकटवला की सुरकुततोय. कुणी अनुभवी सांगेल का?

बाइंडिंगवाली

ताई, यंत्र एकही आणू नका. मी पुण्यात एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. कार्ड उठून दिसतं ते घडी सरळ बसल्यामुळे आणि कडा स्वच्छ कापल्यामुळे. नक्षीचा नंबर त्यानंतर. म्हणून पैसे घालायचे ते कागदात आणि ब्लेडमध्ये.

कागद २०० ते २५० जीएसएमचा घ्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), ए-४ मापाचा. एका शीटमध्ये दोन कार्डं होतात, म्हणजे २५ साठी १३ शीट. सरावाला चार-पाच जास्त आणा. कात्रीने सरळ कड येत नाही. ब्लेड मोडून पुढे सरकवता येतं तसला कटर आणि स्टीलची पट्टी घ्या. प्लॅस्टिकच्या पट्टीला ब्लेड खातं. खाली जुना पुठ्ठा ठेवा. कापण्याचं काम तुम्ही करा, रंगाचं लेकीकडे द्या.

आता घडी तडकण्याचं. कागदाला ग्रेन असतो, तंतू एका दिशेने झोपलेले असतात. शीट न मोडता हलकेच वाकवून बघा, आधी लांबीत, मग रुंदीत. ज्या बाजूने सहज वाकेल, त्याच बाजूने घडी घालायची. ए-४ शीटमध्ये ग्रेन बहुधा लांबीच्या दिशेने असतो. म्हणून शीट मधोमध आडवं कापा, २१ बाय १४.८ सेंटिमीटरचे दोन तुकडे होतील, आणि त्यांची लांब बाजू मधोमध दुमडा. घडी ग्रेनच्या बाजूने बसते. तेच शीट उभं चिरून लांब पट्ट्या केल्यात आणि त्या दुमडल्यात, तर घडी ग्रेनला आडवी जाते आणि तडकते.

दुमडण्याआधी क्रीजिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून रेघ पाडणं, हवंच. शाई संपलेलं बॉलपेन घ्या, शीटखाली वर्तमानपत्राची घडी ठेवा आणि पट्टीला लावून एकच दाबून रेघ ओढा. मागच्या बाजूला बारीकशी फुगीर कड उठेल. ती कड घडीच्या आत गेली पाहिजे, खोलगट रेघ बाहेर. बरेच जण नेमकं उलटं करतात. मग स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घडी घोटा.

फेविकॉलमध्ये पाणी असतं, पातळ कागद ते पितो आणि फुगतो. कागदावर कागद चिकटवायला ग्लू स्टिक किंवा डबल टेप. फेविकॉल टिकल्या, मणी, दोऱ्यासाठी ठेवा.

पेठेत_राहणारा

वरच्या प्रतिसादाला +१. पुण्यात कुणी येणार असेल तर अप्पा बळवंत चौकातून साधा माल आणा आणि शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून दोन-चार शीट हातकागद. १९४० पासूनची संस्था आहे, सुती चिंध्यांपासून कागद करतात. हातकागदाला ठरावीक ग्रेन नसतो, कसाही दुमडा. मुंबईकरांना क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रेहमान स्ट्रीट आहेच.

रंगरेषा

सजावटीसाठी विकत काही आणूच नका. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढा. त्यांवरचे सोनेरी गणपती, कोयऱ्या, वेलबुट्टी नीट कापून घ्या. आणि वह्यांना घालतो त्या खाकी कागदावर पांढऱ्या पोस्टर कलरने काढलेल्या पणत्या फार देखण्या दिसतात. रंग जरा घट्ट ठेवा. आगपेटीच्या काडीच्या मागच्या टोकाने ठिपके द्या, सगळे एकसारखे येतात. एक पंच मात्र मी घेईन, छोट्या फुलाचा. मुलांना त्यात फार आनंद असतो.

नाशिकची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार! आत्ताच रिकामं बॉलपेन घेऊन एक घडी घातली, अजिबात तडकली नाही. लेकीने लगेच कपाटातून पत्रिकांचा गठ्ठा काढलाय. पाकिटांचं काय करू? आणि पोस्टाने पाठवताना वजन जास्त होईल का?

बाइंडिंगवाली

वा, छान! पाकिटं जुन्या कॅलेंडरच्या पानांची करा. २० सेंटिमीटरचा चौरस कापा, छापील बाजू आत. त्यावर कार्ड तिरकं, मधोमध ठेवा. आधी डावा-उजवा कोपरा आत घ्या, मग खालचा, आणि तिथे ग्लू स्टिक. वरचा कोपरा कार्ड घातल्यावर बंद करायचा. पत्ता वेगळ्या पांढऱ्या कागदावर लिहून चिकटवा, म्हणजे स्वच्छ वाचता येईल.

वजनाची काळजी नको. ए-४ चे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणजे २५० जीएसएमचं अर्धं शीट ८ ग्रॅमच्या आत. पाकीट धरूनही पोस्टाच्या पहिल्या २० ग्रॅमच्या टप्प्यात बसतं. मणी, आरसे लावलेली कार्डं मात्र शिक्का मारताना दाबली जातात, ती हातोहात द्यायच्या घरांसाठी ठेवा.