सटवाईच्या कोऱ्या कागदावर नक्की कोण लिहितं?

राजेंद्रनगरची लेक

गेल्या आठवड्यात भाचीच्या बाळाची पाचवी झाली. बाळंतपणाला ती माहेरी, इथे इंदूरलाच आली आहे. पाटावर सुपारी, हळदकुंकू, विळी, शेजारी कोरा कागद आणि पेन. दिवा विझू द्यायचा नाही म्हणून मी तिथेच अंथरूण टाकलं होतं. मध्यरात्री मावशी तेल घालायला उठली, कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हिच्या बापाचंही असंच लिहून ठेवलं होतं गं. लिहिलेलं कुणाला चुकलंय?"

हिचा बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ. अडीच वर्षांपूर्वी इथे इंदूरजवळ राऊच्या चौकात एका दारू प्यायलेल्या माणसाने त्याला गाडीखाली घेतलं. चालान, म्हणजे आरोपपत्र, सादर झालंय, केस चालू आहे, पुढची पेशी, म्हणजे सुनावणी, येत्या महिन्यात आहे. तेराव्याला हेच वाक्य ऐकलं, वर्षश्राद्धाला ऐकलं, आता बाळाच्या पाचवीलाही तेच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

भावाचं मरण सटवाईने तो पाच दिवसांचा असतानाच लिहिलं असेल, तर त्या माणसाने त्या रात्री पुन्हा पुन्हा ग्लास भरणंही लिहिलेलंच होतं. मग त्याचा गुन्हा कोणता? आम्ही दर पेशीला कोर्टाच्या पायऱ्या कशाला झिजवतो? आणि सगळं लिहिणारा देवच असेल, तर त्या ग्लासात दारू कुणी ओतली?

मी देव मानते. सकाळी दिवा लावल्याशिवाय चहा घेत नाही. पण हा लिहिणारा देव मला मान्य नाही. कुणाला मान्य असेल तर त्याने मला समजावून सांगावं.

पागनीसपागा

ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. तरीही एक गाठ सोडवायला हवी. जाणणं वेगळं आणि घडवणं वेगळं. पंचांगात ग्रहण वर्षभर आधी छापलेलं असतं, स्पर्शकाळ-मोक्षकाळ मिनिटासकट. म्हणून ग्रहण पंचांगामुळे लागतं का? गीतेच्या सातव्या अध्यायात भगवान म्हणतात की होऊन गेलेली, असलेली आणि होणारी सगळी भूतं मी जाणतो. घडवतो असं तिथे म्हटलेलं नाही.

रोममध्ये सहाव्या शतकात बोएथियस नावाचा मोठा अधिकारी होता. राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात, देहदंडाची वाट पाहत त्याने याच प्रश्नावर लिहिलं. त्याचं म्हणणं असं की देवाला 'आधी' कळतं हे बोलणंच चुकीचं आहे, कारण देवाला आधी-नंतर नाही. आपल्या रंगपंचमीची गेर, ती रंगांची मिरवणूक, आठवा. खाली रस्त्यावर उभ्या माणसाला एक गाडी जाते, मग दुसरी येते. राजवाड्याच्या वरच्या मजल्यावरच्या माणसाला पुढचं टोक, मागचं टोक सगळं एकदम दिसतं. त्याच्या दिसण्याने खाली कुणी रंग उडवत नाही.

राजेंद्रनगरची लेक

काका, पंचांगाचं उदाहरण चांगलं आहे, पण अर्धंच आहे. पंचांगकर्त्याने सूर्य-चंद्र घडवले नाहीत. देवाने घडवले. जो गणितही मांडतो आणि गोलही फिरवतो, त्याला 'मी फक्त छापलं' म्हणता येणार नाही. आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाला खाली गर्दीत पोर तुडवलं जाताना दिसत असेल, हातात भोंगाही असेल आणि तो गप्प राहिला, तर आपण त्याला काय म्हणू?

छत्रीबागवाला

ताईंचा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे आणि त्याचं सरळ उत्तर कुणी दिलेलं नाही. वाईट थांबवायची इच्छा आहे पण शक्ती नाही, तर तो सर्वशक्तिमान नाही. शक्ती आहे पण इच्छा नाही, तर दयाळू नाही. माणसाला स्वातंत्र्य दिलं म्हणून वाईट आलं, हे उत्तर दारुड्यापुरतं चालेल. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनमध्ये भूकंप झाला तो सणाचा दिवस होता, लोक सकाळी चर्चमध्ये प्रार्थनेला जमले होते, आणि छतं त्यांच्याच अंगावर कोसळली. तिथे कुणाच्या स्वातंत्र्याचा दोष? जन्मतः हृदयाला भोक घेऊन येणाऱ्या बाळाने काय निवडलं होतं? मला तरी यावरून एकच दिसतं, वर कुणी नाही. सटवाईचा कागद सकाळी कोरा सापडतो, तो खरोखरच कोरा असतो म्हणून.

महेश्वरी काठ

दादा, कोरा कागद दिसला म्हणून वर कुणी नाही असं होत नाही. शंकराचार्यांपुढे हाच आक्षेप होता: देव काहींना सुखी, काहींना दुःखी करतो, म्हणजे तो पक्षपाती आणि निर्दय. ब्रह्मसूत्र या वेदान्ताच्या मूळ ग्रंथात त्याला उत्तर आहे, 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्', म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा देवाकडे येत नाही, कारण तो ज्याच्या त्याच्या कर्माकडे बघून देतो. भाष्यात आचार्य पावसाचा दृष्टान्त देतात. पाऊस भातावर आणि जवावर सारखाच पडतो, पीक वेगळं येतं ते बियांमुळे. देव पाऊस आहे, बी ज्याच्या त्याच्या कर्माचं.

आणि आपण अहिल्याबाईंच्या गावचे आहोत, तर त्यांचंच बघा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव गेले, तेव्हा त्या सती जायला निघाल्या होत्या. सासरे मल्हाररावांनी विनवलं आणि त्या थांबल्या. १७९१ मध्ये महेश्वरला जावई वारले, तेव्हा मुलीला, मुक्ताबाईला, अहिल्याबाईंनी तसंच विनवलं. मुक्ता ऐकली नाही. घर तेच, विनवणी तीच, एक थांबली आणि एक गेली. सगळं आधीच ठरलेलं असतं तर विनवणीला काय अर्थ राहिला असता? ज्या बाई आज्ञापत्रांवर श्रीशंकराचं नाव घालत, त्या 'शंकराची इच्छा' म्हणून हात जोडून बसल्या नाहीत, रोज दरबारात बसून न्याय केला. देवाची सत्ता मानणं आणि माणसाचं करणं मानणं या दोन्ही गोष्टी एका माणसात नांदू शकतात, हे त्यांनी जगून दाखवलं.

छत्रीबागवाला

मुक्ताबाई 'गेली' म्हणता. तिला चितेकडे ढकलणारी रीत कुणी निर्माण केली? तिचं स्वातंत्र्य कितीसं होतं? आणि बियांचं म्हणाल, तर पहिलं बी कुठून आलं? त्याच ब्रह्मसूत्रात पुढे उत्तर आहे की संसार अनादी आहे, पहिलं असं काही नाहीच. हे उत्तर नव्हे, प्रश्न मागे सरकवणं आहे.

राजेंद्रनगरची लेक

मला त्या बियांचीच जास्त भीती वाटते. माझ्या भावाचं बी वाईट होतं, असंच ना त्याचा अर्थ? भोपाळला डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री झोपेत गेलेल्या माणसांना 'प्रारब्ध' म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. तिथे विषारी रसायनाच्या टाकीचं शीतकरण बंद ठेवलेलं होतं, सुटलेला वायू जाळायचा मनोरा जोडलेला नव्हता. ही माणसांनी केलेली कामं आहेत, शुद्धीत, कागदावर. त्यांच्यावर प्रारब्धाची चादर घातली की करणारे मोकळे सुटतात आणि मेलेल्यांच्याच माथी पाप बसतं.

छत्रीबागवाले दादा, भूकंपाचं आणि जन्मतः आजारी बाळाचं माझ्याकडे उत्तर नाही. पण माझ्या भावाला भूकंपाने मारलेलं नाही.

पागनीसपागा

ताई, पंचांगाचं तुमचं म्हणणं दोन दिवस डोक्यात होतं. ते मान्य करतो. उलट तुमच्या बाजूचं, आमच्याच घरातलं एक अवघड वचन सांगतो. कौषीतकी उपनिषदात स्पष्ट म्हटलंय की ज्याला वर न्यायचं त्याच्याकडून तोच चांगलं कर्म करवतो आणि ज्याला खाली न्यायचं त्याच्याकडून तोच वाईट करवतो. प्रवचनांत हे वचन मी फारसं ऐकलेलं नाही. ऐकवायला हवं.

पण ब्रह्मसूत्रं तिथे थांबत नाहीत. पुढे म्हणतात की ईश्वर जिवाच्या प्रयत्नाकडे बघूनच करवतो, नाहीतर 'हे कर, हे करू नको' या आज्ञा वाया जातील. तुमच्या केसचा पायाही हाच आहे. दारू पिऊन गाडी चालवू नको, हे न चालवणं ज्याच्या हातात आहे त्यालाच सांगता येतं. रामानुजाचार्य दाखला देतात सामाईक मालमत्तेचा. दोघांच्या मालकीची वस्तू एकाला तिसऱ्याला द्यायची तर दुसऱ्याची संमती लागते, पण देण्याचं फळ देणाऱ्याचं. पहिलं पाऊल जिवाचं, संमती अंतर्यामीची, म्हणजे आत बसलेल्या देवाची.

राजेंद्रनगरची लेक

हे पहिल्यांदा कुणीतरी मला कळेल असं सांगितलं. पण काका, सामाईक जमिनीवर कुणी विषाचा कारखाना काढणार हे माहीत असून भागीदाराने सही केली, तर गाव त्यालाही विचारतंच. देवाची सही तिथे का होती, हे मी विचारतच राहणार.

रात्रपाळी

मी नर्स आहे, अपघात विभागात. वाद घालायला आले नाही, पण एका गोष्टीवर ताईंशी सहमत नाही. 'लिहिलेलं होतं' हे वाक्य मी पहाटे तीनला, साडेतीनला ऐकते. ते बहुतेक वेळा गुन्हेगाराला सोडवायला म्हटलेलं नसतं. बोलणारी बाई स्वतःला सोडवत असते. मी त्याला गाडी का दिली, मी त्याला थांबवलं का नाही, या विचाराने ती रात्रीतून वेडी होईल. एका आईने माझा हात धरून तीन वेळा विचारलं होतं, "लिहिलेलंच होतं ना सिस्टर?" मी हो म्हटलं. खोटं बोलले असेन, पण पुन्हा तेच बोलेन. तुमच्या मावशी ते वाक्य कुणासाठी म्हणतात, हे एकदा बघा.

राजेंद्रनगरची लेक

सिस्टर, तुमचं वाचून मी बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती बसून होते.

त्या रात्री मावशी पुण्याच्या बसने येणार होती. राऊला उतरणार, रात्री रिक्षा मिळत नाही, म्हणून तिनेच फोन करून भावाला सांगितलं होतं, "घ्यायला ये." तो तिलाच घ्यायला निघाला होता. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि अडीच वर्षांत कुणी तोंडातून काढलेलं नाही. मी पण नाही.

काल दुपारी बाळ झोपल्यावर तिच्याजवळ बसले. म्हटलं, "मावशी, तू बोलावलंस म्हणून तो गेला नाही. माणूस पिऊन गाडी चालवत होता म्हणून गेला. तुझा फोन चूक नव्हता, त्याचं पिणं चूक होतं." ती आधी काहीच बोलली नाही, बाळाची दुपटी घडी करत राहिली. एकच दुपटं तीनदा घडी केलं. मग म्हणाली, "पेशीला मी येऊ का?"

सिस्टर, तुम्ही त्या आईला हो म्हणालात, त्यावर मी बोट ठेवणार नाही. पण माझ्या मावशीला 'लिहिलेलं' या शब्दाने अडीच वर्षं सुटका मिळाली नव्हती. तो शब्द सगळ्यांना सारखंच झाकतो, फोन करणारीला आणि गाडी चालवणाऱ्याला एकाच चादरीखाली घालतो. कुणी काय केलं हे नीट वेगळं केल्यावर तिच्या वाट्याला काहीच उरलं नाही.

छत्रीबागवाला

मावशींना नमस्कार सांगा. पण वेगळं करायला बसलातच, तर देवाच्या वाट्याला काय आलं?

राजेंद्रनगरची लेक

ते अजून मोजून झालेलं नाही, दादा. ज्ञानेश्वर पसायदानात 'जे खळांची व्यंकटी सांडो' म्हणतात, खळांनी मरावं असं म्हणत नाहीत. वाकडेपण गळून पडू शकतं असं मानल्याशिवाय हे मागता येत नाही, आणि मागितलेलं ऐकणारा कुणी आहे असं मानल्याशिवायही नाही. मी इतक्यावर उभी आहे. त्या चौकात देव काय करत होता, हे मी रोज दिवा लावताना त्यालाच विचारते. पेशी अठरा तारखेला आहे, मावशीचं तिकीट काढलंय.